घंटागाडीतले विष

फुटलेली ट्यूबलाइट, मुदत संपलेल्या गोळ्या, घड्याळाचे सेल, इन्सुलिनची सुई, सगळे एकाच पिशवीत बांधून घंटागाडीत टाकले जाते. ती पिशवी उघडतो तो सफाई कर्मचारी, बहुतेकदा हातमोज्यांशिवाय. सुई त्याच्याच बोटात शिरते.

उंब्रजला ही हलगर्जी परवडणारी नाही. गाव तारळी आणि कृष्णेच्या संगमावर आहे. भोवती उसाची शेती असल्याने तणनाशकाच्या रिकाम्या बाटल्या बांधावर, ओढ्याकाठी पडलेल्या दिसतात. पावसाळ्यात त्या कुठे जातात, हे वेगळे सांगायला नको. कृष्णेच्या प्रवाहात खाली कराड आहे, हेच पाणी तिथेही पोचते.

2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा हा ओल्या-सुक्याहून वेगळा, तिसरा प्रकार मानला. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली. नियम आहेत, गावात अशा कचऱ्यासाठी डबा नाही, ही खरी अडचण. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळवणारे कराड जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. कराडच्या अनुभवाचा उपयोग ग्रामपंचायतीने करून घ्यावा. महिन्यातून एक दिवस अशा कचऱ्यासाठी ठरवून गाडी फिरवावी, कर्मचाऱ्यांना जाड हातमोजे द्यावेत.

तोवर सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करा, कीटकनाशकाची बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीतच वापरा आणि रिकाम्या बाटलीला भोके पाडा. अशा बाटलीत घरातले गोडेतेल किंवा रॉकेल कधीही भरू नका.