कानाचे माप

अजिंठ्याचे प्रवासी फर्दापूरला मोटारी सोडून बसमध्ये चढतात तेव्हा कित्येकांच्या कानांत इयरफोन असतो. त्यातला उंची प्रकार कानाचा साचा घेऊन घडवितात; किंमत लाखाच्या घरातही जाते. साचा नेमका बसला की बाहेरचा गोंगाट अडतो, आवाज चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. तेव्हा हा गुण मान्यच. घरी ऐकणाऱ्याने ऐपत असल्यास खुशाल घ्यावा. हमरस्त्यावर मात्र भोंगाही ऐकू न येणे ही कसली चैन?

पण असाच साचा श्रवणयंत्रालाही लागतो. केंद्राच्या १९८१ पासूनच्या योजनेतून गरजूंना यंत्रे मिळतात. साचा सैल असला की यंत्र शिट्टी घालते आणि पेटीत पडते. सोयगाव तालुक्यातील बहिऱ्या शेतमजुराला हा साचा तालुक्यालाच मिळाला पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांनी धसास लावावी.