हंडा वाहून धावपटू होत नाही

कविता राऊतची एक गोष्ट नाशिक जिल्ह्यात नेहमी सांगितली जाते. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी डोक्यावर हंडा घेऊन लांबून पाणी आणायची, डोंगर चढायची-उतरायची, अनवाणी धावायची. त्यातूनच तिचे पाय तयार झाले आणि पुढे तिने देशाला पदक मिळवून दिलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा दहावीच्या मुलांपुढच्या व्याख्यानात ही गोष्ट निघाली की टाळ्या पडतात. तात्पर्य ठरलेलं असतं: परिस्थितीनेच तिला घडवलं.

गोष्टीतले तपशील खरे आहेत, तात्पर्य खोटं आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत उन्हाळ्यात डोक्यावर पाणी वाहणाऱ्या मुली आजही पाड्यापाड्यांवर दिसतात. हंड्याने धावपटू घडत असते तर प्रत्येक पाड्यावर एक पदक असतं. प्रत्यक्षात हंड्यामुळे मान दुखते, शाळेची पहिली घंटा चुकते आणि काही वर्षांनी शाळाच सुटते. ज्या मुलींच्या बाबतीत हे घडलं, त्यांना व्याख्यानाला कोणी बोलावत नाही.

कविताच्या आयुष्याला वळण मिळालं ते नाशिक शहरात, विजेंदर सिंग या प्रशिक्षकांमुळे. धावण्याला महागडं साहित्य लागत नाही, म्हणून तिने धावणं निवडलं होतं. त्या धावण्याला वेळापत्रक, आहार, स्पर्धा आणि वर्षानुवर्षांचा धीर त्यांच्याकडे मिळाला. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरचं कांस्यपदक जिंकलं. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्य मिळालं. आणि ती एकटी राहिली नाही. तिच्यामागून दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे आणि चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव याच प्रशिक्षकांच्या हाताखाली आंतरराष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोहोचल्या. डोंगर, टंचाई आणि गरिबी महाराष्ट्राच्या कितीतरी जिल्ह्यांत आहे. एकामागून एक अशा मुली नाशिकला पुढे आल्या, कारण त्यांना घडवणारा माणूस इथे टिकून राहिला. परिस्थितीचं कौतुक करताना या माणसाचं श्रेय दगडधोंड्यांना दिलं जातं.

याच चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळची कहाणी तर परिस्थितीच्या भक्तांना फारच अडचणीची आहे. अवर्षणाचं गाव, वडील विहिरी खोदणारे, मुलगाही त्यांच्याबरोबर त्याच कामावर. २०११ मध्ये वडील गेले आणि घर त्याच्यावर आलं. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला तो पगारासाठी. ऑलिंपिक त्याच्या मनातही नव्हतं. नौकानयन हा खेळ असतो हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये त्याची उंची पाहून त्याला या खेळाकडे वळवण्यात आलं, आणि विहिरीच्या कोरड्या तळाशी राबलेल्या या तरुणाने सुरुवातीची पाण्याची भीती मोडून वल्हं हातात घेतलं. चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकमध्ये होता. तिथे उतरलेला तो एकमेव भारतीय नौकानयनपटू. एकेरीत त्याचा १३ वा क्रमांक आला. त्या काळात आई अपघातात डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळली होती. त्याच्या कामगिरीची बातमी तिच्यापर्यंत पोहोचण्यासारखी तिची अवस्था नव्हती.

इथे प्रेरणेचा नेहमीचा क्रम उलटा पडतो. आधी मनात स्वप्न पेटतं, मग माणूस संधी शोधतो, असं प्रेरणेवरची भाषणं सांगतात. दत्तूच्या बाबतीत आधी पगार आला, मग जेवण, मग पारखी नजरेचे प्रशिक्षक, मग नाव, आणि स्वप्न त्यानंतर. हे सांगितल्याने त्याची जिद्द तसूभर कमी होत नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तो आजारी असताना एकेरीच्या अंतिम फेरीत उतरला आणि शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या नावेत बसून त्याने सुवर्ण जिंकलं. अशी जिद्द कोणतंही सैन्य भरतीच्या दिवशी वाटत नाही, ती त्याचीच. पण नावच मिळाली नसती तर तीच जिद्द तळेगावच्या विहिरींत खर्ची पडली असती, आणि त्याबद्दल कोणी एक ओळ लिहिली नसती.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण या वादात हमखास पुढे येते. घाव घालताना जे दगड फुटतात, ते देवळात नसतात. मूर्ती मोजून टाकीची थोरवी ठरवणाऱ्याने एकदा खाणीत जाऊन फुटक्या दगडांची रास पाहावी. शिवाय टाकी शिल्पकाराच्या हातात असते; दारुड्या बापाच्या हातातला पट्टा काहीही घडवत नाही.

घावांनी माणूस घडतो का, हे शास्त्रानेही तपासलेलं आहे. अमेरिकेत फेलिटी आणि आंडा यांनी साडेनऊ हजारांवर प्रौढांची माहिती गोळा करून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईवर होणारी हिंसा अशा प्रकारांपैकी चार किंवा अधिक अनुभव बालपणी वाट्याला आलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांच्या चार ते बारा पट आढळला. दुःख माणसाला कणखर करतं, असं म्हणणाऱ्याने हा आकडा नजरेआड करू नये.

मात्र यावरून, बालपण गेलं म्हणजे आयुष्य गेलं, असं मानणारे दुसऱ्या टोकाला जातात. वस्तीवरच्या एखाद्या मुलाकडे बघून ‘याचं काही खरं नाही’ म्हणणारे शिक्षक, नातेवाईक, शेजारी त्यातलेच. त्यांना उत्तर हवाईच्या कवाई बेटावर मिळतं. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग चाळिशीपर्यंत ठेवला. त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं अतिशय बिकट घरांत वाढली, आणि त्या बिकट घरांतल्याही तिघांमागे एक सक्षम, आत्मविश्वासू, मायाळू प्रौढ झाला. काहींचा स्वभाव लहानपणापासून मनमिळाऊ होता, हे वर्नर यांनी नोंदवलं. पण त्याबरोबर आजी, मावशी, शिक्षक, शेजारी असा निदान एक तरी भरवशाचा माणूस या मुलांजवळ होता. याहून मोलाचा भाग पुढचा आहे. किशोरवयात वाट चुकलेल्यांपैकीही बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. कशाने? प्रौढांसाठीच्या शिक्षणाने, सैन्यातल्या नोकरीने, चांगल्या जोडीदाराने. दत्तू भोकनळचं चरित्र लिहायला घेतलं तर त्याचा सांगाडा कवाईत आधीच सापडतो.

आणि नाशिकमध्येही सापडतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी परीक्षेतून पदवीची वाट उघडून दिली. शाळा सुटलेला हॉटेलातला पोऱ्या, लवकर लग्न झालेली बाई, कंपनीतला हेल्पर यांच्यासाठी ही दुसरी संधी होती. त्याच्याही आधी मराठा विद्या प्रसारक समाजाची बोर्डिंगं आणि दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाच्या आश्रमशाळा याच जिल्ह्यात उभ्या राहिल्या. त्या उभारणाऱ्यांनी मुलांना कष्टाचं महत्त्व पटवण्यात वेळ घालवला नाही. कष्ट त्या मुलांकडे भरपूर होते. त्यांनी जेवण, छप्पर आणि शिक्षक दिले.

दारिद्र्याच्या कौतुकाला साहित्यातूनही उत्तर मिळतं. नाशिकच्या विहितगावात १९३० मध्ये जन्मलेले कथाकार बाबुराव बागूल लहानपणीच मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात गेले. तिथे दारिद्र्य होतं, पण आंबेडकरी आणि कामगार चळवळीचं वातावरणही होतं. १९६३ मध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह आला. दारिद्र्याने माणसं थोर होतात, असा दिलासा त्यांच्या कथा वाचकाला देत नाहीत. तिथे माणसं मोडतात, हिंस्र होतात, हरतात. ज्याने ते जगणं जवळून पाहिलं, त्याने त्याची आरती ओवाळली नाही.

विरोधक म्हणतील, वसतिगृहात शंभर मुलं असतात, पुढे जातात दोघंच. मग फरक मनगटाचाच ना? मनगटाचा फरक आहेच. पण यशाची व्याख्या पदकापुरती कशाला? उरलेल्या अठ्ठ्याण्णवांपैकी कोणी वायरमन झाला, कोणी नर्स झाली, कोणी बापासारखा बायकोवर हात उगारत नाही. कवाईतली सावरलेली माणसंही बहुतेक अशीच साधी होती. पदकविजेत्यांच्या फोटोंत ही माणसं दिसत नाहीत, म्हणून ती अपयशी ठरत नाहीत.

आता मागणी कसली करायची, हेही यातून ठरतं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून पालक हरपलेल्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात, पण ते १८ व्या वर्षापर्यंत. बालगृहातल्या मुलालाही त्याच वयात बाहेर पडावं लागतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पुढच्या अनुरक्षणाची तरतूद आहे, तिची मुदत साधारणतः २१ व्या वर्षी संपते. दत्तू भोकनळ सैन्यात गेला तेव्हा २१ वर्षांचा होता, आणि त्याने तोवर नाव वल्हवलेली नव्हती. घर नसलेल्या मुलाचं शिक्षण, भाडं आणि जेवण किमान २५ व्या वर्षापर्यंत सरकारने उचलावं. त्याची विचारपूस करणारा एक ठरावीक, पगारी, बदली न होणारा माणूस प्रत्येक जिल्ह्यात नेमावा. आदिवासी विकास आयुक्तांचं कार्यालय नाशिकमध्येच आहे. सुरुवात सुरगाण्याच्या आणि पेठच्या आश्रमशाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांपासून करता येईल.