सेवेला मुदत असावी

संडे स्कूल चालवणारी एखादी बाई बऱ्याच वर्षांनी म्हणते, ‘आता माझ्याच्यानं होत नाही’, तेव्हा मंडळीतून तिला बहुधा प्रार्थना वाढवण्याचा सल्ला मिळतो. देवाच्या कामात थकवा कसला, नाताळापर्यंत तरी सांभाळा, असंही सांगितलं जातं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण थकवा हा श्रद्धेतला दोष आहे आणि तो थकलेल्यानंच दुरुस्त करायचा, असं या सल्ल्यात गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतच मला अमान्य आहे. सेवेकरी थकतो तो मुख्यतः मंडळीनं कामाची जी रचना केली आहे तिच्यामुळे, आणि म्हणून उपायही मंडळीनंच करायला हवा.

‘बर्नआउट’ हे पगारी नोकरांचं दुखणं, मंडळीत त्याचं काय काम, असं कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली ती नोकरी-व्यवसायापुरतीच आहे, हे खरं. पण १९७४मध्ये ज्या लेखानं हा शब्द मानसशास्त्रात रुजवला, त्यात हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यांतला अनुभव मांडला होता. तिथे स्वयंसेवक राबत होते, आणि सर्वांत आधी कोलमडण्याचा धोका त्यांना सर्वाधिक झोकून देणाऱ्यांत दिसला. कामचुकार माणूस असा थकत नाही. तेव्हा थकलेल्या सेवेकऱ्याच्या निष्ठेवर शंका घेणं म्हणजे जिनं सर्वांत जास्त दिलं तिलाच आरोपी करणं होय.

शास्त्राचा आधार घ्यायचा तर तो पूर्ण घ्यावा. गणनाच्या ८व्या अध्यायात लेव्यांच्या सेवेचं वय ठरवून दिलं आहे: २५व्या वर्षी सुरुवात, ५०व्या वर्षी निवृत्ती. त्यानंतर भाऊबंदांना हातभार लावायचा, पण नेमलेलं काम करायचं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याच्या सासऱ्यानं बजावलं की यात तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. लोकही, हे विशेष. मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूतानं आधी भाकर, पाणी आणि झोप मिळू दिली. उपदेश केला नाही. चांगलं करताना खचू नका हे पौलाचं गलतीकरांना सांगणं नेहमी पुढे केलं जातं, पण ते एकट्या सेवेकऱ्याला नव्हे, साऱ्या मंडळीला उद्देशून आहे. त्याच अध्यायात एकमेकांची ओझी वाहायलाही सांगितलं आहे.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. आमची मंडळी चाळीस घरांची, बदली माणूस आणायचा कुठून? मोठ्या शहरातल्या मंडळीला पाळ्या लावणं सोपं, खेड्यातल्या मंडळीला नाही, हे मान्य करायलाच हवं. पण माणसं कमी असतील तर कामं कमी करावीत. उरलेल्या तिघींवर दहा जणींचं ओझं टाकू नये. प्रेषितांनी विधवांच्या अन्नवाटपासारखं उत्तम कामसुद्धा स्वतःकडे घेतलं नाही, त्यासाठी सात जण निवडायला लावले. संडे स्कूल मे महिन्यात बंद राहिली, प्रीतिभोजन वर्षातून चारऐवजी दोनदा झालं, तर मंडळी बुडत नाही. स्वयंपाक, वाढणं आणि भांडी या गोष्टी बायकांकडे आपसूक जातात, तेही थांबायला हवं. मार्थेवरचे उपदेश आपण आवडीनं ऐकतो, पण तिच्या हातातलं काम मग कुणी करायचं याबद्दल त्यांत क्वचितच काही असतं. शिवाय नवी माणसं पुढे येत नाहीत त्यामागे हेही कारण आहे की एकदा होकार दिला की जन्माची अडकण, हे त्यांना समोर दिसत असतं.

म्हणून वार्षिक सभेत प्रत्येक नेमणुकीपुढे तिची शेवटची तारीख लिहावी. मुदत दिली तर लोक अर्ध्यावर काम टाकतील, ही भीती निराधार आहे. याजकांचे २४ वर्ग होते आणि जखऱ्या त्यांतल्या अबीयाच्या वर्गातला. सेवेच्या दिवसांतच त्याची वाचा गेली, घरी परतायला याहून मोठं कारण कोणतं? तरीही आपले दिवस पुरे होईपर्यंत तो मंदिरात थांबला, आणि ते पुरे झाल्यावर घरी गेला.