जुन्या टेबलाला आधी विचारा

प्रयोगशाळेत तुम्ही लंबकाचा प्रयोग करता तेव्हा उत्तर काय यायला हवे, ते तुम्हाला आधीच ठाऊक असते. ते ९.८ च्या जवळपास आले नाही, तर दोष तुमचा, लंबकाचा नव्हे! उत्तर खरोखरच माहीत नाही असा प्रयोग शाळेत क्वचितच वाट्याला येतो. असा एक प्रयोग मी सुचवणार आहे. जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेले, कळा गेलेले एखादे लाकडी टेबल घ्या आणि त्याला घरच्या घरी पॉलिश करा. "हे सुताराचे काम, तू आपला अभ्यास कर," असे घरात ऐकावे लागेल. माझ्या मते हाच अभ्यास आहे.

मात्र तो अभ्यास म्हणून करायला हवा. आपल्याकडची सर्वसाधारण रीत अशी, की टेबल घरी आले रे आले, की काचकागद घेऊन घासत सुटायचे; नाहीतर तपकिरी ऑइलपेंटचा हात मारून मोकळे व्हायचे. मला दोन्ही रीती पसंत नाहीत. पहिलीत पुरावा नष्ट होतो, दुसरीत तो झाकला जातो. टेबलाला आधी प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न, तू कशाचे आहेस? येथे वजनावर जाऊ नका. भुसा दाबून केलेल्या फळीची घनता सागवानाइतकी, प्रसंगी जास्तच असते. टेबल उलटे करून फळीची कड पाहा. तेथे भुसा दिसला तर ती फळी पाण्याने फुगते आणि पुन्हा बसत नाही. तिच्यावर श्रम वाया घालवू नयेत. प्लायवूडवर चिकटवलेला सागाचा पापुद्रा असेल, तर तो मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. जोरात घासणारा त्यातून आरपार जातो, आणि त्याला उपाय नाही. लाकडाच्या बारीक भोकांतून पिठासारखा ताजा भुसा गळत असेल, तर ते टेबल विकणाऱ्याकडेच राहू द्या.

दुसरा प्रश्न, तुझ्यावर लेप कशाचा? कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एखाद्या आडबाजूच्या पॉलिशवर मिनिटभर टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला, बोळ्याला तपकिरी रंग आला, तर ते चपड्या लाखेचे पॉलिश. स्पिरिटला दाद न देता थिनरने मऊ झाले, तर बहुधा लॅकर. दोघांनाही जुमानले नाही, तर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनसारखा लेप समजावा. द्रावणीयतेचा हा धडा पाठ्यपुस्तकात मीठ आणि साखरेवर संपतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

लाख निघाली तर तुमचे नशीब चांगले. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या एका किडीचा हा स्राव. रांचीजवळ नामकुम येथे त्याच्या संशोधनासाठी १९२४ साली खास संस्था निघाली. लाखेचा मोठा गुण असा, की नव्या पॉलिशमधले स्पिरिट जुना थर किंचित विरघळवते आणि दोन्ही थर एकजीव होतात. म्हणून जुने सगळे खरवडून काढण्याची बहुधा गरजच नसते. ओलसर फडक्याने मळ पुसावा, पूर्ण वाळू द्यावे, बारीक काचकागद रेषांच्या दिशेने हलकेच फिरवावा आणि मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत. संध्याकाळी टेबलाच्या पातळीत बाजूने बॅटरीचा झोत सोडा. दिवसा न दिसलेला प्रत्येक ओरखडा आपल्या सावलीसह उभा राहील.

आता गंमत पाहा. घासून उघडे झालेले लाकूड फिकट, पांढुरके दिसते. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तेवढ्या जागी रंग एकदम गडद होतो, आणि थेंब वाळला की पुन्हा फिकट. असे का? लाकडाच्या तंतूंचा अपवर्तनांक सुमारे १.५३, हवेचा १. तंतू आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. अशा असंख्य सीमांवरून विखुरलेला पांढरा प्रकाश लाकडाच्या मूळ रंगात मिसळतो आणि तो फिका पाडतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे फरक कमी झाला. लाखेचा सुमारे १.५२! प्रकाशाच्या दृष्टीने सीमा जवळजवळ नाहीशीच झाली. तो खोल शिरतो आणि लाकडाचा रंग घेऊन बाहेर येतो. काचेची पूड पांढरी का आणि काच पारदर्शक का, याचेही उत्तर हेच. ते टेबलावर एकदा पाहिलेला विद्यार्थी विसरणार नाही.

शिक्षकांना एक विनंती. जिन्याखाली मोडक्या बाकांचा ढीग बहुतेक शाळांत असतो. विज्ञानाच्या आणि कार्यानुभवाच्या शिक्षकांनी मिळून त्यातला एक बाक वर्गात आणावा, आणि गावातल्या पॉलिशवाल्याला दोन तास सन्मानाने बोलवावे. बोळा किती ओला हवा, हे त्याच्या हाताला जितके कळते तितके आम्हा एम.एस्सी. झालेल्यांना कळत नाही.

काही बाबतींत मात्र मी मुळीच सूट देणार नाही. जुना ऑइलपेंट दिलेले सामान मुलांनी घासू नये आणि मोठ्यांनी तो रंग जाळूनही काढू नये. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांवर रोखणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे किती, हे डोळ्यांनी कळत नाही. आणि त्याची धूळ लहान भावंडांच्या मेंदूला घातक असते. स्पिरिट विषारी असते व झटकन पेट घेते, म्हणून काम अंगणात किंवा गॅलरीत, चुलीपासून दूर आणि मोठ्यांच्या देखत करावे. जवसाचे तेल वापरलेत, तर फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळते म्हणजे ऑक्सिजनशी संयोग पावते. त्यातून निघणारी उष्णता घडीत अडकली, तर काडी न लावताही फडके पेटू शकते. ते पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

राहिला मुहूर्त. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड करते. पावसाळ्यात तापमान २८ अंश व आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू दोन अंशही खाली नसतो; पॉलिशवर लगेच सूक्ष्म दव धरते आणि लेप पांढुरका पडतो. ३५ अंश व ३० टक्के आर्द्रता असताना तोच दवबिंदू सुमारे २० अंश खाली असतो. तेव्हा टेबल आता आणले तरी चालेल, पण बोळा वार्षिक परीक्षा संपल्यावरच हाती घ्या, आणि तोही सकाळचा दमटपणा ओसरल्यावर, दुपारी.