दोन गजांमधली फट



नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं, की मोठ्या रस्त्यावरच घोडेगाव लागतं. तालुका नेवासे, जिल्हा अहिल्यानगर. (२०२४ पर्यंत या जिल्ह्याचं नाव अहमदनगर होतं. तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी मात्र अजून नुसतं 'नगर'च असेल!) कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेलं हे गाव. इथूनच जवळच्या शनिशिंगणापूरला रस्ता जातो. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून शिंगणापूरचं नाव तुम्ही ऐकलं असेलच.

घोडेगावात माझा एक मावसभाऊ राहतो. त्याचं जुनं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं होतं. ते उतरवून त्यानं नवं स्लॅबचं घर बांधलं. मागच्या थंडीत मी ते बघायला गेलो. घर छान झालंय. पुढे ओटा, बाजूनं वर जाणारा जिना, वर ऐसपैस गच्ची. पण जिन्याला कठडा नाही आणि गच्चीलाही नाही! जिन्याच्या कडेला नुसत्या सळया वर आलेल्या.

"अरे, कठडा कधी?" मी विचारलं.

"कांद्याला भाव आला की लगेच," मावसभाऊ म्हणाला.

त्याचा मुलगा सातवीत आहे. तो पटकन म्हणाला, "काका, शेजारच्या गावात घरांना दारंसुद्धा नाहीत. मग आमच्या जिन्याला कठडा नसला तर काय बिघडलं?"

मी म्हटलं, "अरे शहाण्या, दार असतं चोरासाठी आणि कठडा असतो गुरुत्वाकर्षणासाठी. चोर एखादे वेळी येणारही नाही. गुरुत्वाकर्षण मात्र एक दिवससुद्धा रजा घेत नाही!"

आम्ही सगळे हसलो. तेवढ्यात त्याच्या आईचं लक्ष जिन्याकडे गेलं आणि ती ओरडली. सव्वा वर्षाची धाकटी रांगत रांगत चौथ्या पायरीवर पोचली होती. तिथे बसून ती कडेवरून खाली कोंबडी बघत होती! मी चहाचा कप तसाच टाकून धावलो. तिला उचललं तेव्हा ती खुशीत हसत होती. आमच्या कुणाच्याच तोंडून मात्र शब्द फुटत नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही टेप, वही आणि पेन्सिल घेऊन बसलो. त्या दिवशी जे मोजलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे. तुमच्या घराला, शाळेला किंवा सोसायटीला जिना असणारच. तेव्हा वाचून झाल्यावर तुम्हीही मोजा.

पहिला प्रश्न : कठडा किती उंच?

तुमच्या शरीराचं वजन जणू एका बिंदूत गोळा झालंय असं समजा. तो तुमचा गुरुत्वमध्य. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या आसपास असतो. कठडा त्याच्या खाली असेल तर धक्का लागताच माणूस कठड्यावरून पालथा होतो. कठडा त्याच्या वर असेल तर माणूस कठड्याला धडकून थांबतो. गुडघ्याएवढा कठडा तर नसल्यापेक्षाही वाईट, कारण तो पाय अडवतो आणि उरलेल्याला पुढे जाऊ देतो!

म्हणूनच आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत गच्चीला १ मीटरपेक्षा कमी उंचीचा कठडा चालत नाही. १ मीटर म्हणजे जवळजवळ सव्वातीन फूट. पण ही उंची मोजायची ती पाय ठेवायच्या जागेपासून, बरं का! कठड्याला लागून ३० सेंटिमीटर उंचीचं कांद्याचं कॅरेट ठेवलं आणि त्यावर तुम्ही चढलात, तर कठडा उरला फक्त ७० सेंटिमीटर. म्हणून कठड्यालगत खाट, पिंप, कुंडी, कॅरेट असं काहीही ठेवायचं नाही.

संक्रांतीचे दिवस आठवा. पतंग उडवताना डोळे आभाळात, हात मांज्यात आणि पाय मागे मागे. त्या वेळी मागे काय आहे हे सांगणारा एकच इमानी दोस्त असतो, तो म्हणजे कठडा.

सपाट छताच्या घरांची ही काळजी फार जुनी आहे. ज्यू लोकांच्या हजारो वर्षांपूर्वीच्या धर्मग्रंथात याबद्दल आज्ञाच आहे. नवं घर बांधशील तेव्हा छताला कठडा घाल, नाही तर कुणी पडल्याचा दोष तुझ्या घराला लागेल, असा तिचा अर्थ. तिथली घरंही आपल्या धाब्याच्या घरांसारखीच सपाट छताची होती. लोक छतावर बसत, धान्य वाळवत, झोपत. तेव्हाच्या माणसांनाही कळलं होतं, की पडणाऱ्याचा दोष नेहमीच पडणाऱ्याचा नसतो.

दुसरा प्रश्न : दोन गजांत फट किती?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच मोठ्यांच्या लक्षात येत नाही. कारण त्यांच्या डोळ्यांसमोर मोठा माणूस असतो.

जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मोठ्या माणसाचं असतं साधारण आठवा भाग. म्हणजे लहान मूल डोक्याकडे जड. त्यातून गंमत अशी, की बाळाचं धड चपटं असतं. मोठ्या फटीतून आधी पाय जातात, मग धड निसटतं आणि डोकं अडकतं. हे फार धोक्याचं. म्हणून फट अशी हवी, की मुळात धडच जाऊ नये.

अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत यासाठी एक सोपी परीक्षा दिली आहे. ४ इंच व्यासाचा चेंडू कठड्याच्या कुठल्याही फटीतून पार जाता कामा नये. ४ इंच म्हणजे १० सेंटिमीटरहून किंचित जास्त.

आपण ती परीक्षा पुठ्ठ्यावर करू या. कंपासपेटीतला कंपास घ्या. ५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि कापा. झाली १० सेंटिमीटरची चकती तयार. ती कठड्यासमोर सपाट धरा, तिरकी करायची नाही. दोन गजांमधून ती पार गेली, तर फट मोठी आहे असं समजा आणि घरात सांगा.

आणि हो, गज उभेच हवेत. आडवे पाइप दिसायला झकास दिसतात, पण लहान मुलाला ती शिडीच वाटते!

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. दोन खांबांमध्ये १३५ सेंटिमीटर जागा आहे. प्रत्येक गज ५ सेंटिमीटर रुंद. ९ गज लावायचे ठरले, तर फट किती ठेवायची?

पुतण्यानं झटकन उत्तर काढलं, "९ गजांचे झाले ४५. उरले ९०. भागिले ९. फट १० सेंटिमीटर!"

मी म्हटलं, "काढ बरं चित्र." त्यानं काढलं. फट, गज, फट, गज... आणि नववा गज जाऊन थेट पलीकडच्या खांबालाच चिकटला! कारण ९ गजांमध्ये फटी ९ नसतात, १० असतात. शेवटच्या गजानंतरही एक फट असतेच ना? म्हणून ९० भागिले १०, म्हणजे ९ सेंटिमीटर. आता चकतीही पार जाणार नाही.

जिन्याला आणखी एक मेख आहे. तिथला हात धरायचा दांडा तिरपा जातो. मावसभावाच्या जिन्याची पायरी २० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच आहे. मग दर पायरीमागे दांडा किती लागेल? पायथागोरसला विचारा! २० चा वर्ग ४००, १५ चा वर्ग २२५, बेरीज ६२५, वर्गमूळ २५. म्हणजे १० पायऱ्यांना २०० सेंटिमीटर नव्हे, २५० सेंटिमीटर दांडा हवा. जमिनीवरचं माप घेऊन दुकानात गेलात, तर अर्धा मीटर दांडा कमी पडलाच म्हणून समजा.

तिसरा प्रश्न : कठडा कशाचा?

पुतण्यानं कुठल्याशा व्हिडिओत अमेरिकेतलं घर पाहिलं होतं. तिकडे घरामागे लाकडी फळ्यांचा उंच ओटा असतो, त्याला डेक म्हणतात. आपली मराठी मंडळीही तिकडे संध्याकाळी डेकवर चहा घेत बसतात. त्या डेकला आणि त्याच्या पायऱ्यांना हल्ली कंपोझिटचा कठडा लावतात. आता आपल्याकडेही हा माल मिळतो.

कंपोझिट म्हणजे मिश्र पदार्थ. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र तापवून मळतात आणि साच्यातून दाबून बाहेर काढतात. अगदी आई सोऱ्यातून शेव पाडते तसं! १९९६ साली सुरू झालेली ट्रेक्स नावाची अमेरिकन कंपनी तर जुन्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि भुसा यांपासून फळ्या करते. त्यांना वाळवी लागत नाही, पावसानं त्या सहसा कुजत नाहीत, दर वर्षी रंगही द्यावा लागत नाही.

"मग नवीनच शोध म्हणायचा!" पुतण्या म्हणाला. आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "नवीन कसला? आपल्या जुन्या घराची भिंत काय होती? माती आन् भुसा." आजीचं खरं होतं. नुसती माती वाळली की तडकते. तिच्यात भुसा घातला की तो तिला धरून ठेवतो. दोघांचे गुण एकत्र आले की तिसराच पक्का पदार्थ होतो. स्लॅबमधलं काँक्रीट आणि सळई यांचीही तशीच जोडी आहे.

पण प्रत्येक मालाचा स्वभाव ओळखावा लागतो. कंपोझिट उन्हानं तापतं आणि लांबीत वाढतं. म्हणून कारागीर टोकाला थोडी जागा मोकळी सोडतात. ते लाकडापेक्षा जास्त लवचीक असतं. म्हणून खांबाच्या पोटात बहुधा लोखंड, ॲल्युमिनियम किंवा लाकूड घालतात.

आणि खांबाचा पाया? इथे तरफेचा नियम आठवा. १ मीटर उंच खांबाला तुम्ही वरून ढकललंत आणि खाली बोल्ट फक्त १० सेंटिमीटर अंतरावर असले, तर बोल्टवर दहापट ओढ बसते. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे कठड्याच्या माथ्यानं ९० किलोचा रेटा सोसला पाहिजे. म्हणजे बोल्टला सोसायचे ९०० किलो! म्हणून कठडा कंपोझिटचा असो, लोखंडाचा असो की विटांचा, त्याची ताकद त्याच्या पायात असते. खांब हलत असेल तर तो आई-बाबांना दाखवा. स्वतः लोंबकळून परीक्षा घ्यायची नाही, कळलं ना?

वही भरली. मावसभाऊ बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, घराच्या रंगाला पैसे बाजूला काढून ठेवलेत."

पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला वेल्डर माप घ्यायला आला. कंपोझिट महाग पडत होतं, म्हणून साधे लोखंडी गज ठरले. आधी जिना, मग गच्ची. काम होईपर्यंत जिन्याच्या तोंडाशी लाकडी फळीचं फाटक बसवलं. दोरी बांधू या, असं कुणीतरी सुचवलं होतं. ते आम्ही मोडून काढलं. दोरी दिसते आधारासारखी, पण वजन टाकलं की झोल खाते आणि माणूस कडेपलीकडे जातो.

घराला अजून रंग नाही. पाहुणे येतात आणि विचारतात, "रंग कधी?" मावसभाऊ म्हणतो, "कांद्याला भाव आला की!" धाकटी आता चालायला लागली आहे. गजांमधून हात बाहेर काढून ती कोंबड्यांना हाका मारते. हात तेवढा बाहेर जातो. बाकी सगळी आत!

आई-बाबांना एक विनंती. घर बांधताना कठडा हा शेवटचा खर्च समजू नका. फरशी, रंग, कमान थांबू शकतात. घरातलं सगळ्यात लहान माणूस थांबत नाही. कठड्याचं माप त्याच्यावरूनच घ्या.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी कोडं. खांबांमधली जागा १६३ सेंटिमीटर, गज ५ सेंटिमीटर रुंद. सगळ्या फटी सारख्या आणि १० सेंटिमीटरपेक्षा कमी हव्यात. कमीत कमी किती गज लागतील आणि फट किती येईल? चित्र काढून सोडवा. उत्तर पुढच्या अंकात. तोवर चकती कापा, मोजायला लागा आणि मोजताना जिन्यावर जपून!