काडी कुणाची?

आमच्या घोडपदेवच्या चाळीत दह्याचे विरजण कुणी विकत आणल्याचे मला आठवत नाही. वाटी घेऊन शेजारी जावे, चमचाभर मागावे, की काम झाले. देणाऱ्याचे दही त्याने कधी कमी झाले नाही. हातगाडीवर नव्या रंगांची, नव्या नावांची द्राक्षे पाहिली की मला हे विरजण आठवते.

बागा बदलू नयेत, असे म्हणणारा मी नव्हे. बियांच्या भोकरी द्राक्षांसाठी उसासे टाकणारे आमचे शेजारी चार दिवस बागेत राबले, तर त्यांचे उसासे आपोआप थांबतील. भोकरी मागे पडली, अनाबेशाही आली. तीही गेली, थॉम्सन आली. जुने वेल काढून नवे कलम बांधायचे म्हणजे पुढचे एखाददुसरे वर्ष हाती काही लागत नाही. हौसेखातर असा उद्योग कोणी करीत नाही.

पण याच थॉम्सनच्या मांडवात आपल्या बागाईतदारांनी वेगळी फांदी हेरली. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ काढली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावी वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’. आणि या जाती गावोगाव कशा गेल्या? छाटणीला आलेल्या पाहुण्याने काडी मागितली, यजमानाने दिली. विरजणच ते!

आता परदेशी मालकीच्या जाती येत आहेत. मणी टपोरा, विरळणीची मजुरी कमी, असा त्यांचा डंका. असेलही खरा. पण त्यांच्यासोबत करार येतो, आणि त्यात काडी बांधाबाहेर जाऊ द्यायची नसते. आपल्या 2001 च्या कायद्याने संरक्षित वाणाचे बियाणे राखण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. फक्त छाप मारून विकायचे नाही. कायद्याने दिलेले करारावरच्या एका सहीने सोडून द्यायचे काय?

संशोधकाने वर्षानुवर्षे खपावे आणि त्याला दमडी मिळू नये, असे कोण म्हणतो? रोपाची किंमत घ्या, चांगली घ्या, पण एकदा घ्या. आणि पुण्याजवळच्या मांजरीला सरकारी द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्याला भरपूर पैसा द्या, म्हणजे मोकळ्या काडीच्या नव्या जाती निघतील.

वाचकहो, तुम्ही फराळाला बसाल तेव्हा तिकडे गोडी छाटणी चाललेली असेल. वेल खुशाल बदला. शेजारधर्म तेवढा मुळासकट उपटू नका.