जिन्याची बाहेरची भिंत

बहुमजली इमारतीस आग लागली असता लिफ्ट वापरू नये, जिन्याने उतरावे, हे आता शाळेतील लहान मुलेही जाणतात. परंतु ज्या जिन्याने उतरावयाचे तो जिना स्वतः सुरक्षित आहे किंवा नाही, हा प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. विचारलाच तर उत्तर बहुधा दाराविषयीचे मिळते: दार आपोआप मिटते, धूर आत येत नाही, वगैरे. वाचकांचे लक्ष आम्ही आज दाराच्या समोरच्या बाजूकडे, म्हणजे जिन्याच्या बाहेरच्या भिंतीकडे वेधू इच्छितो.

या भिंतीचे महत्त्व जाणण्यासाठी न्यूयॉर्क शहरातील एका आगीकडे वळले पाहिजे. दिनांक २५ मार्च १९११, वार शनिवार. ॲश बिल्डिंग या दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर स्त्रियांचे ब्लाऊज शिवण्याचा ट्रँगल कंपनीचा कारखाना होता. सायंकाळी सुटीच्या सुमारास आठव्या मजल्यावर आग लागली आणि १४६ माणसे प्राणास मुकली. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी घरांतल्या आणि इटालियन. (शब्बाथच्या दिवशी कामावर जाणे त्यांच्या हौसेचे नव्हते, पोटाचे होते.) नवव्या मजल्यावरील एक दार कुलूपबंद होते, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु त्या इमारतीला मागील बाजूस आणखी एक वाट होती, तिची कथा तितकीशी कोणी सांगत नाही.

ती वाट म्हणजे एक अरुंद लोखंडी जिना. इमारत बांधताना कायद्याच्या हिशोबाने तिसरा जिना हवा होता. त्याच्या जागी हाच बाहेरचा लोखंडी जिना चालवून घेण्यात आला. तो मागच्या चिंचोळ्या चौकात, कारखान्याच्या खिडक्यांसमोरूनच खाली उतरत होता. खिडक्यांच्या लोखंडी झडपा बाहेर उघडत, त्या उघडल्या की वाट अडे. आठव्या मजल्याच्या खिडक्यांतून ज्वाळा बाहेर पडल्या त्या थेट या जिन्यावर. तापलेले लोखंड वाकले, त्यावर दाटलेल्या माणसांचे ओझे त्यास पेलवले नाही, आणि जिना माणसांसह कोसळला. इमारतीचा सांगाडा मात्र टिकला. तीच इमारत आज न्यूयॉर्क विद्यापीठाकडे असून तिचे नाव ब्राऊन बिल्डिंग असे आहे.

या आगीनंतर, १९१३ साली, अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने जीवितरक्षणासाठी स्वतंत्र समिती नेमली आणि १९२७ साली इमारतींतून बाहेर पडण्याच्या वाटांची संहिता प्रसिद्ध झाली. आज तेथील संहितांत जिन्याच्या बाहेरच्या भिंतीविषयी जो नियम आहे, तो वाचताना आम्हांस त्या मागच्या चौकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

नियम असा. इमारतीच्या आतील बाजूने जिन्यास अग्निरोधक भिंतींचे वेष्टण हवे. चार किंवा अधिक मजले जोडणाऱ्या जिन्यास दोन तासांचे, त्याहून कमी असल्यास एका तासाचे. बाहेरच्या बाजूस मात्र ही सक्ती सरसकट नाही. तेथे साधी काच चालते, कारण पलीकडे मोकळी हवा आहे. पण तीच इमारत पुढे वळून जिन्याकडे तोंड करीत असेल तर?

येथे आम्ही वाचकांना एक पुस्तक हाती घ्यावयास सांगू. ते टेबलावर पूर्ण उघडून सपाट ठेवा. दोन्ही पाने एका रेषेत, कोन १८० अंशांचा, एक पान दुसऱ्याकडे पाहत नाही. आता पुस्तक अर्धवट मिटून उभे करा. डावे पान ही जिन्याची काच समजा आणि उजवे पान ही शेजारच्या खोलीची भिंत. त्या भिंतीतील खिडकीतून ज्वाळा निघाल्या तर त्यांची धग कोठे जाईल, हे निराळे सांगावयास नको.

म्हणून कोन १८० अंशांहून कमी असेल आणि जिन्याची बाहेरची बाजू अग्निरोधक नसेल, तर तिच्यापासून आडवे १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर अंतरापर्यंत शेजारची भिंत निदान एक तास आगीस दाद न देणारी हवी आणि तीतील खिडक्या-दारे पाऊण तास टिकणारी हवीत. हे संरक्षण जमिनीपासून सर्वांत वरच्या लँडिंगच्या १० फूट वर किंवा छपरापर्यंत, यांपैकी जे खाली असेल तेथवर न्यावयाचे. ज्वाळा खिडकीतून निघून भिंतीला लगटून वर चढतात, यास्तव खालच्या मजल्याची खिडकीही हिशोबात येते. आणि एक तास म्हणजे अंदाजाने सांगितलेला तास नव्हे. भिंतीचा नमुना भट्टीस लावून पाहतात. तासाअखेर त्या भट्टीची उष्णता सुमारे ९२७ अंश सेल्सियस असते. साधी खिडकीची काच त्याच्या कितीतरी आधी तडकते.

मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मागील बाजूचे गोल लोखंडी जिने आमच्या अनेक वाचकांना आठवत असतील. भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने तसले जिने कमी वस्तीच्या आणि ९ मीटरपर्यंत उंचीच्या इमारतींपुरतेच ठेवले आहेत, आणि बाहेरच्या कोणत्याही जिन्यावर किंवा त्याच्या निकट खिडकी उघडू नये, असेही म्हटले आहे.

नकाशात हे सारे सांभाळले जाते. बिघडते ते मागाहून. कोणी हवा येत नाही म्हणून जिन्यालगतच्या भिंतीत नवी खिडकी फोडतो, कोणी जाड तावदान काढून साधी काच बसवितो, कोणी सज्जा प्लास्टिकच्या पत्र्याने झाकून तेथे गॅसची शेगडी मांडतो. समितीच्या सभेत या गोष्टींवरून तक्रार झालीच तर ती दिसण्यावरून होते. इस्राएलात असो वा मुंबईत, आपल्या इमारतीच्या अंगणात एकदा उभे राहावे, जिन्याच्या काचेपासून ३ मीटरांची दोरी शेजारच्या भिंतीवर धरावी, आणि त्या दोरीच्या आत कोणाची खिडकी, कोणाची शेगडी येते ते कागदावर टिपून समितीच्या चिटणीसांकडे द्यावे.